कुदळ, जेसीबी की पोकलेन?

उन्हाळा लागला, रब्बीची मळणी आटोपली, की गावोगावच्या शिवारात यंत्रांची घरघर सुरू होते. कोणी विहीर पाडतो, कोणी शेततळे घेतो, कोणाच्या घरकुलाचा पाया निघतो, तर कोणी डाळिंबासाठी खड्डे घेतो. कामे निरनिराळी असली तरी एक गोष्ट सर्वत्र सारखीच असते. कुटुंबाने पै-पै करून साठवलेला पैसा किंवा अनेक हेलपाटे घालून मंजूर करून आणलेले अनुदान चार-दोन दिवसांत खर्ची पडते. तो पैसा पाणी होऊन परत येणार की नुसताच मातीत जाणार, हे पुष्कळदा एकाच गोष्टीवर ठरते. खोदायला कोणते साधन बोलावले आणि कोणत्या हिशोबाने बोलावले!

या विषयावर आमच्या समाजाच्या साप्ताहिकात लिहावे असे आम्हांला वाटले, याला कारण आहे. आपल्या समाजाच्या हाती जमीन उशिरा आली आणि आली तीही बहुधा माळाची, मुरमाड. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली. त्यानंतर १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन बांधव-भगिनींनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. २००४ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. तिच्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद झाली आणि विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य मिळाले. परंतु सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे शेत पिकले असे नव्हे. त्या चार एकरांत पाणी साठवावे लागते, बांध घालावे लागतात, खड्डे घ्यावे लागतात. जमिनीनंतरचा पहिला मोठा खर्च खोदाईचाच असतो.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक प्रबंध लिहिला. जमिनीचा तुकडा परवडणारा आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला भांडवल, श्रम आणि साधने यांची जोड किती व कोणत्या प्रमाणात मिळते यावर ठरते, असा त्यातील विचार आहे. शंभर वर्षे उलटून गेली तरी आपल्या चार एकरांना तो लागू पडतो. साधन कमी पडले तर जमीन पडीक राहते आणि साधन वाजवीपेक्षा मोठे झाले तर शेतकरी कर्जात जातो.

आधी काम ओळखा, मग माती ओळखा

पुष्कळ ठिकाणी उलटे घडते. शेजाऱ्याच्या रानात यंत्र आलेले असते. चालक म्हणतो, "आलोच आहे तर तुमचेही करून टाकतो." आणि मग काम ठरण्याआधीच यंत्र रानात शिरते. असे करू नये. आधी कागद घ्यावा आणि त्यावर कामाची लांबी, रुंदी व खोली लिहावी. काम किती घनमीटरचे किंवा किती ब्रासचे आहे ते काढावे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर.

मग माती पाहावी. आपल्या दख्खनच्या पठारावर साधारणपणे वर काळी किंवा तांबूस माती, तिच्याखाली मुरूम, मग मऊ खडक आणि शेवटी काळा कठीण पाषाण असा क्रम असतो. कोणता थर किती फुटांवर लागतो, हे शेजारच्या विहिरीच्या उघड्या कडेवरून दिसते. ते दिसत नसेल तर पहारीने व कुदळीने तीन-चार फुटांचा चाचणी खड्डा घ्यावा. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत पुढचा हजारोंचा चुकीचा खर्च टळतो.

काम बांधाच्या कडेला असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्याशिवाय यंत्र लावू नये. बांध एक फूट जरी सरकला तरी गावात तंट्याला निमित्त मिळते आणि आपल्या माणसाच्या बाबतीत ते निमित्त किती वाढते, हे वाचकांना सांगायला नको. उलट, आपल्या हक्काच्या जमिनीवर किंवा पाण्यावर कोणी बेकायदा आडवे येत असेल तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. मोजणीचा नकाशा अशा वेळी फार उपयोगी पडतो.

हाताची अवजारे : जिथे यंत्र नको

कुदळ, टिकाव, पहार, फावडे आणि घमेले यांना आता कोणी विचारत नाही. अंगमेहनतीचे ओझे आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या वाहिले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना हाताला पडलेले घट्टे ज्यांना आठवतात अशी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. म्हणून यंत्र आले याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु काही कामे अशी आहेत की तेथे हातच स्वस्त आणि सरस पडतो.

घरकुलाचा पाया घ्या. समजा, पायाच्या चराची एकूण लांबी २५ मीटर, रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली ९० सेंटिमीटर आहे. गुणाकार केला तर साडेतेरा घनमीटर, म्हणजे पाच ब्रासही भरत नाही. चार माणसांनी दोरी लावून खोदले तर कडा सरळ निघतात. यंत्राने हेच काम तासाभरात होते खरे, पण कोपरे फुटतात, चर रुंद होतो आणि जास्तीचा खड्डा भरायला दगड, वाळू व सिमेंट जास्त लागते. शिवाय आपल्या वस्त्यांतील बोळ अरुंद असतात. सात-साडेसात टनांचे यंत्र शेजाऱ्याच्या मातीच्या भिंतीजवळून गेले तर भिंतीला तडा जातो आणि शेजारधर्मालाही.

शौचालयाच्या दोन शोषखड्ड्यांचेही तसेच आहे. सुमारे मीटरभर व्यासाचा गोल खड्डा यंत्राच्या बकेटने नीट निघत नाही. तो हातानेच घ्यावा आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान दहा मीटर दूर घ्यावा. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात सोडायचा आणि पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दोन वर्षांत कोरडे खत होऊ द्यायचे. म्हणजे कोणाही माणसाला ओल्या घाणीत उतरावे लागत नाही. आपल्या घराच्या बांधकामात एवढा विचार तरी झालाच पाहिजे.

ट्रॅक्टरची जोड

फळझाडांचे आणि कुंपणाच्या खांबांचे खड्डे ही ट्रॅक्टरची कामे. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओवर चालणारा मोठा गिरमिटासारखा ऑगर मिळतो. नऊ, बारा, अठरा इंच अशा व्यासांचा तो असतो आणि अडीच-तीन फूट खोल जातो. पेट्रोलवर चालणारा, हाताने धरायचा लहान ऑगरही भाड्याने मिळतो. मऊ जमिनीत तो चांगला चालतो. दगडगोटे असतील तर तो उसळतो आणि मनगटाला हिसका बसतो.

यात एक बारकावा आहे. काळ्या, ओलसर जमिनीत ऑगर फिरला की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मग मुळे बाजूला शिरत नाहीत आणि झाड कुंडीत लावल्यासारखे खुरटते. म्हणून खड्डा झाल्यावर पहारीने भिंती खरवडून घ्याव्यात. आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद व खोल असा चौकोनी खड्डा हवा असेल तर ऑगर कामाचा नाही. झाडे पंधरा-वीस असतील तर मजूर लावावेत, शे-दोनशे असतील तर जेसीबी परवडेल.

जेसीबी आणि पोकलेन यांतील फरक

ही दोन्ही नावे मुळात कंपन्यांची. इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे जेसीबी आणि पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे मात्र टायरवर चालणाऱ्या, पुढे सूप व मागे सोंड असलेल्या कोणत्याही यंत्राला जेसीबी म्हणतात आणि साखळीवर चालणाऱ्या, जागेवर गोल फिरणाऱ्या यंत्राला पोकलेन.

जेसीबी रस्त्यावरून स्वतः चालत येतो, त्यामुळे आणण्याचा खर्च कमी असतो. मागच्या सोंडेने तो साडेचार मीटरच्या आसपास, म्हणजे पंधरा फुटांपर्यंत खोदतो आणि पुढच्या सुपाने माती लोटतो, ट्रॉलीत भरतो. माती व मुरमाची लहान-मध्यम कामे, बांधबंदिस्ती, चर, नाला साफ करणे यांसाठी तो सोयीचा. ओल्या काळ्या रानात मात्र टायर रुततात आणि रुतलेले यंत्र काढण्यात आपलाच दिवस जातो.

वीस टनांच्या पोकलेनचे बकेट जेसीबीच्या मागच्या बकेटच्या तिप्पट किंवा त्याहून मोठे असते. ते सहा मीटरच्या पुढे, म्हणजे वीस फूट खोल जाते. साखळीमुळे भार पसरतो व यंत्र रुतत नाही. बकेट काढून ब्रेकर जोडला की मऊ खडकही फुटतो. पण ते ट्रेलरवर आणावे लागते. तो खर्च वेगळा पडतो आणि शेतापर्यंत ट्रेलर येईल असा रस्ताही लागतो. सात टनांचे लहान पोकलेनही मिळते. अरुंद जागेतल्या कामाला ते बरे.

तासाचा दर नव्हे, घनमीटरचा दर

यंत्रवाला तासाचा दर सांगतो आणि आपण स्वस्त तास निवडतो. येथेच गफलत होते. आपल्याला तास विकत घ्यायचे नसून खड्डा विकत घ्यायचा आहे.

उदाहरण म्हणून १५ बाय १५ मीटरचे, ३ मीटर खोल शेततळे घेऊ. मुरमाड जमिनीत बाजूंना एकास एक उतार दिला तर तळ ९ बाय ९ मीटरचा राहतो आणि खोदाई ४४१ घनमीटर, म्हणजे सुमारे १५६ ब्रास भरते. (काळ्या जमिनीत कडा ढासळतात, म्हणून तेथे उतार दीडास एक ठेवावा.) आता समजुतीसाठी आकडे धरू. दर जिल्ह्याजिल्ह्याला व हंगामाप्रमाणे बदलतात, ते आपापल्या गावचे घालावेत. समजा, जेसीबी तासाला १२०० रुपये घेतो व २० घनमीटर काढतो, तर घनमीटरला ६० रुपये पडले. समजा, पोकलेन तासाला २५०० रुपये घेते व ५० घनमीटर काढते, तर घनमीटरला ५० रुपये पडले. तासाला दुपटीहून महाग दिसणारे यंत्र मापाला स्वस्त निघाले!

पण ट्रेलरचे जाण्यायेण्याचे भाडे समजा ६००० रुपये आहे. मग आपल्या तळ्याला जेसीबीने २६,४६० रुपये लागतील आणि पोकलेनने २२,०५० अधिक ६०००, म्हणजे २८,०५० रुपये. येथे जेसीबी परवडला. तेच तळे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल असेल तर खोदाई २१९६ घनमीटर होते. जेसीबीला १,३१,७६० रुपये आणि पोकलेनला भाड्यासह १,१५,८०० रुपये. येथे पोकलेन परवडले. या आकड्यांत ६०० घनमीटरवर दोन्ही यंत्रे बरोबरीला येतात. त्याखाली जेसीबी, त्यावर पोकलेन. आपल्या गावच्या दरांनी ही सीमा प्रत्येकाने काढावी. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे गणित घालावे, ती चटकन सोडवतात.

यंत्र तासाला खरोखर किती काढते, हे पहिल्या तासाभरातच मोजता येते. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजावी. सांगितल्यापेक्षा फारच कमी निघत असेल तर त्याच वेळी बोलावे. काम संपल्यावर बोलून उपयोग नाही.

चौघे एकत्र आले तर

याच हिशोबात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट दडलेली आहे. एका शिवारातील चार कुटुंबांनी एकाच आठवड्यात काम काढले आणि ट्रेलरचे ६००० रुपये वाटून घेतले, तर प्रत्येकी १५०० येतात. मग तेच लहान तळे पोकलेनने २३,५५० रुपयांत होते. एकट्याने जेसीबी लावण्यापेक्षा प्रत्येक घराचे २९१० रुपये वाचतात. एवढ्यात मुलांची वह्यापुस्तके येतात. शिवाय चार कामे एकदम म्हटल्यावर यंत्रवालाही दराला नरमतो. 'संघटित व्हा' हा संदेश आपण सभेत ऐकतो. तो असा रानातही उतरवता येतो.

विहिरीचे काम वेगळे

विहिरीला एकच यंत्र शेवटपर्यंत पुरत नाही. वरची माती व मुरूम जेसीबीने किंवा पोकलेनने काढतात. मऊ खडकाला ब्रेकर लागतो. कठीण पाषाणात छिद्रे पाडून सुरुंग लावावे लागतात आणि दगड यारीने वर ओढावा लागतो. म्हणून ठराव करताना टप्प्याटप्प्याचा दर लिहून घ्यावा. मातीचा दर सांगून खडक लागल्यावर काम सोडून जाणारे कमी नाहीत. सुरुंगाचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. खडक फोडण्याच्या कामात वडार बांधवांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. खडकाची नस कोणत्या बाजूला आहे, हे ते पाहून सांगतात. त्यांचा सल्ला मोलाचा मानावा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीसाठी तिच्यात सुरुवातीला अडीच लाखांपर्यंत अनुदान होते, २०२४ मध्ये ती मर्यादा चार लाखांवर नेण्यात आली. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला घ्यावा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत आपली विहीर नको. आणि मंजुरीचा आदेश हाती येण्याआधी यंत्र लावू नये, नाही तर अनुदान अडकते. काम रोजगार हमीतून मंजूर असेल तर यंत्र चालते की नाही हे आधीच लेखी विचारावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरांच्या हातचे काम काढून घेणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत, असाच दंडक होता.

माती कोठे टाकणार?

खोदलेली माती फुगते. ४४१ घनमीटरचा खड्डा काढला की साधारण पाऊणेदोनशे ते दोनशे ब्रास माती बाहेर दिसते. ती कोठे जाणार हे आधी ठरवले नाही तर दुसऱ्यांदा यंत्र बोलवावे लागते. वरची फूटभर कसदार माती आधी वेगळी काढून ठेवावी व नंतर उथळ रानावर पसरावी. मुरूम रस्त्याला व बांधाला वापरावा. मुरूम बाहेर न्यायचा किंवा विकायचा असेल तर तहसील कार्यालयाची परवानगी लागते. यंत्राला येण्याजाण्याची एकच वाट आखून द्यावी. सगळ्या रानातून ते फिरले तर जमीन दडपते आणि दोन हंगाम पीक उठत नाही.

वही घरातच ठेवा

ठराव करताना पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. दर डिझेलसह की डिझेल वेगळे, येण्याजाण्याचे भाडे किती, कमीत कमी किती तास धरणार, चालकाचा भत्ता कोणाकडे, आणि बिघाड झाल्यास तास बंद धरणार की चालू. यंत्रात तास दाखवणारे मीटर असते. सकाळी सुरू करताना व संध्याकाळी थांबवताना त्याचा आकडा लिहावा. मात्र इंजिन नुसते चालू ठेवले तरी मीटर पळते, म्हणून थांबण्याच्या वेळाही टिपाव्यात.

मराठवाड्यातील एका गावी आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. योजनेतून चार एकर मिळालेल्या एका विधवा भगिनीने तळे खोदून घेतले. यंत्रवाला म्हणाला, "ताई, एकतीस तास झाले."

दहावीत शिकणारी त्यांची मुलगी वही घेऊन पुढे आली. "काका, वहीत साडेसव्वीस आहेत. टायर फुटला तेव्हाचे तीन तास आणि तुमच्या जेवणाचा दीड तास तुम्ही धरलाय."

तो वही पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं, वहीप्रमाणं द्या." साडेचार तासांचे ५४०० रुपये त्या घरात राहिले. तेथे भांडण झाले नाही की आवाज चढला नाही. म्हणून आमची माताभगिनींना विनंती आहे की, ही वही आपण आपल्या हाती घ्यावी. पुरुषमंडळी यंत्रामागे धावत असतात, हिशोब घरात शांतपणे होतो.

जीव सर्वांत आधी

दीड मीटरपेक्षा खोल, उभ्या कडेच्या चरात आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवू नये. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकावी. तिच्या भारानेच काठ ढासळतो. सोंड फिरते त्या टापूत मुले व गुरे येऊ देऊ नयेत. डोक्यावर विजेची तार असेल तर ती आधी यंत्रवाल्याला दाखवावी.

जुन्या विहिरीचा गाळ काढताना तर फारच जपावे. तळाशी विषारी वायू साचलेला असतो. दिवा विझला नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, हा समज खोटा आहे. सर्वच वायूंनी दिवा विझत नाही. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवले तर त्याच्या धुराने माणूस गुदमरतो. असा गाळ वरून यंत्रानेच काढावा. पैसे वाचवण्यासाठी आपल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या माणसाला तेथे उतरवणे ही सम्यक आजीविका नव्हे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. गावोगावची तळी-विहिरी खोदताना ज्यांच्या वाडवडिलांनी घमेली वाहिली, त्यांनाच त्या पाण्याला शिवण्याची बंदी होती. आज आपल्या नावच्या जमिनीत, आपल्या पैशाने, आपण निवडलेल्या यंत्राने आपले तळे खोदता येते. ही गोष्ट लहान नाही. म्हणून ती गबाळेपणाने करू नये.

बुद्ध पौर्णिमेच्या आत खोदाई आटोपली तर जूनच्या पहिल्या पावसाला तळे तयार असते. मे महिन्यात सगळ्यांचीच घाई होते आणि दर चढतात. तेव्हा फाल्गुनातच एखाद्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसावे. कोणाकोणाचे काम आहे, किती घनमीटरचे आहे आणि रस्ता कोठून आहे, याची यादी करावी आणि दोघा-तिघांनी मिळून यंत्रवाल्याशी बोलणी करावी. ज्या बांधवांना मापे काढता येत नाहीत त्यांची मापे शिकलेल्या मुलामुलींनी टेप घेऊन काढून द्यावीत. जय भीम!